'बलुतं'तील दुभंगलेला 'मी' आणि संघर्षग्रस्त युवकांचे मानसिक आरोग्य

प्रास्ताविक : संघर्षाची झळ बसलेल्या युवकांना दिला जाणारा मानसिक आधार स्थानिक संस्कृतीशी सुसंगत असावा, असे मानले जाते. तथापि, जातीय संघर्षात ही संस्कृती नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) या दृष्टीने वाचणे उद्बोधक ठरते.

विवेचन : या आत्मकथनात दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. दोघे एकच आहेत. निवेदनाची ही रचना केवळ तंत्र नव्हे. शिक्षणाने नाव पालटले, पण जुन्या नावाला चिकटलेली लाज गेली नाही, हे तिच्यातून प्रत्ययास येते. महारवाड्याची आणि कावाखान्याची भाषा जाणणारा श्रोता लाभल्यानेच दगडू मोकळा होतो. मात्र हा श्रोता त्याच्याच अंतरंगातला आहे, ही या कृतीतील शोकात्म जाणीव होय.

खर्डा (ता. जामखेड) येथे २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. जेथे साक्ष देणेच कठीण, तेथे गावच्या पारावरील समुपदेशन परिचित वाटले तरी युवक गप्पच राहील.

निष्कर्ष : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार जातिभेदाविना उपचार हा हक्क आहे. तो प्रत्यक्षात यावयाचा तर बोलीइतकाच श्रोत्याच्या सामाजिक स्थानाचा विचार व्हावा. समुपदेशन हा न्यायाचा पर्याय ठरू नये.