तेलविषयक वृत्तलेखनातील 'परवानगी' : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात मराठी दैनिकांतील तेल उद्योगविषयक वृत्तलेखनाच्या भाषेचा, विशेषतः त्यातील 'परवानगी' या संकल्पनेच्या मांडणीचा विचार करावयाचा आहे. तेलाचे वृत्त आपल्याकडे दोन रूपांत येते. अर्थविषयक पानावर ते आकड्यांच्या रूपात येते : ब्रेंटचा भाव, रुपयाचा विनिमय दर, तेल कंपन्यांचा तिमाही नफा. जिल्ह्याच्या पानावर ते प्रकल्पाच्या रूपात येते. भाषेच्या अभ्यासकाने या दुसऱ्या रूपाकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे. कारण तेथील शब्दयोजना निर्णय होण्यापूर्वीच वाचकाला एका बाजूला उभे करते.

16 जून 2017 पासून देशभर पेट्रोल व डिझेलचे दर दररोज बदलण्याची पद्धत सुरू झाली आणि भाववृत्ताला रोजची जागा मिळाली. हे वृत्त नेमके असते. (वाचक पेट्रोल लिटरने घेतो आणि कच्च्या तेलाचा भाव मात्र सुमारे 159 लिटरच्या पिंपाने वाचतो, ही विसंगती आता कोणाला खटकतही नाही.) त्यात ठिकाण मात्र हरवलेले असते. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. त्या उणे चिन्हामागे ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग या गावच्या टाक्या होत्या. ताब्यात घ्यावयाचे तेल ठेवण्यास तेथे जागा उरणार नाही, ही खरेदीदारांची धास्ती होती. प्रकल्पवृत्ताची स्थिती याच्या उलट आहे. तेथे ठिकाण असते, नेमकेपणा नसतो.

नाणारचे उदाहरण पाहू. वर्षाला 6 कोटी टन क्षमतेचा, सुमारे 3 लाख कोटी रुपये खर्चाचा हा तेलशुद्धीकरण प्रकल्प इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम या कंपन्यांनी योजला होता. राजापूर व देवगड तालुक्यांतील जमिनीसाठी मे 2017 मध्ये निघालेली अधिसूचना महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 खालील होती. मार्च 2019 मध्ये ती रद्द झाली. म्हणजे तो वाद प्रथमतः भूसंपादनाचा होता. पर्यावरण मंजुरी ही वेगळी गोष्ट, सागरी किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी वेगळी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणखी वेगळी. प्रत्येकीचे नियम निराळे, अर्जाचे ठिकाण निराळे, आक्षेप घेण्याची रीतही निराळी. वृत्तात या सर्वांसाठी 'मंजुरी' हा एकच शब्द येतो. कोणत्या टप्प्यावर कोणाकडे दाद मागता येईल, हे मग गावकऱ्यास बातमी वाचून कळत नाही.

याहून गंभीर दोष रूपकांचा आहे. प्रकल्प 'रखडतो', त्याला 'हिरवा कंदील' मिळतो, त्याचा 'मार्ग मोकळा' होतो. ही सारी शब्दकळा वाहतुकीची आहे. प्रकल्प म्हणजे निघालेली गाडी आणि लोक म्हणजे रुळावर आलेली माणसे, असा अर्थ तिच्यातून आपोआप सिद्ध होतो. वास्तविक परवानगी मागणे म्हणजे प्रश्न विचारणे. त्याचे उत्तर नकारार्थी असू शकते. विलंबाने खर्च वाढतो आणि अनिश्चिततेत उद्योजकाइतकाच बागायतदारही भरडला जातो, हे मान्य करावयास हवे. तथापि विलंब मोजण्यासाठी वृत्त जी पट्टी वापरते, ती केवळ एका पक्षाच्या हातातील आहे.

14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने तर वृत्तपत्राला या प्रक्रियेतच स्थान दिले आहे. जनसुनावणीची सूचना एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात देणे बंधनकारक आहे. सुनावणीअखेर कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत समजावून सांगावा, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात ही सूचना निविदांच्या गर्दीत बारीक टाइपात छापली जाते आणि बातमी होण्याचे तिच्या नशिबी क्वचितच येते. 2020 मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध झाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला 30 जून 2020 रोजी द्यावा लागला. भाषा हा परवानगीच्या प्रश्नाचा गाभा आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नसावा.

हा दोष मराठीपुरता नाही. कॅनडातून अमेरिकेत जाणाऱ्या कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीसाठी 2008 मध्ये अर्ज झाला. 2015 मध्ये नकार, 2017 मध्ये होकार, 20 जानेवारी 2021 रोजी परवाना रद्द आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीची माघार, असा तिचा प्रवास आहे. तो नेहमी रखडण्याची कथा म्हणून सांगितला जातो. परंतु याच काळात नेब्रास्कातील सँडहिल्स हा नाजूक वालुकामय प्रदेश टाळण्यासाठी वाहिनीचा मार्ग बदलण्यात आला. तो बदल विरोधामुळे मिळालेल्या वेळातच शक्य झाला.

एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर झालेल्या कामाला वृत्तांत 'माती परीक्षण' म्हटले गेले. कोकणातील शेतकरी पेरणीपूर्वी खताचा अंदाज घेण्यासाठी जे करतो, त्याचेच हे नाव. येथे मात्र बोअरिंगची यंत्रे होती, पोलीस बंदोबस्त होता आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या स्त्रिया होत्या. जवळच्या कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला होता. त्याआधी, 6 फेब्रुवारी 2023 रोजी, राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांची प्रकल्पसमर्थक जमीन-व्यावसायिकाविषयीची बातमी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. जमीन कोणी घेतली, अधिसूचनेपूर्वी की नंतर, कोणत्या गट क्रमांकाची, हे विचारणारी बातमी ब्रेंटच्या भावाइतकीच नेमकी असू शकते. ती लिहिणारा माणूस तालुक्याच्या गावी, बहुधा तुटपुंज्या मानधनावर, ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याच रस्त्याने रोज ये-जा करीत असतो.