विझर्डला काय येत नाही?

पॉडकास्टच्या मागच्या भागात संशोधकांच्या स्पेशलायझेशनबद्दल बोलताना मी डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या विझर्डचं उदाहरण दिलं आणि वेळ संपली म्हणून तिथंच सोडलं. नंतर वाटलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. या खेळाची नियमपुस्तकं गेली पन्नास वर्षं एक प्रश्न सोडवू बघतायत: एखाद्या विद्येत खोल जायचं तर त्याची किंमत काय?

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. विझर्ड म्हणजे पोथीतून जादू शिकणारा. रोज ठरावीक संख्येचेच स्पेल त्याला वापरता येतात. १९७४ च्या मूळ नियमांत तो नुसता 'मॅजिक-यूजर' होता, आणि विझर्डी जादू सगळी त्याचीच. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये त्याच्या शेजारी 'इल्युजनिस्ट' दिसतो. त्याची स्पेलची यादीच वेगळी. त्यातले काही स्पेल फक्त त्यालाच मिळायचे, आणि मॅजिक-यूजरचा लाडका फायरबॉल त्यात नव्हताच. म्हणजे दुसऱ्या घराण्यात तालीम घेतलेला माणूस म्हणा.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं ही कल्पना सरसकट केली. जादूच्या आठ शाखा आणि प्रत्येक शाखेचा एक स्पेशालिस्ट. व्यवहार सरळ होता: प्रत्येक स्तराचा रोज एक जादा स्पेल, आपल्या शाखेचे स्पेल शिकण्याची संधी १५ टक्क्यांनी जास्त, आणि बदल्यात विरुद्ध शाखा कायमच्या बंद. कुठल्या बंद, हे पुस्तक सांगायचं.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत ही निवड खेळाडूच्या हाती आली. दोन शाखा सोडायच्या, भविष्यवेत्त्या डिव्हायनरनं एकच. आणि डिव्हिनेशन मात्र कुणालाच सोडता यायची नाही. आता स्वतःच निवडायचं म्हटल्यावर कोण काय सोडणार? ज्याची गरज नाही तेच. आकडेही बघा. पहिल्या लेव्हलला, बुद्धिमत्ता १६ असेल, तर साध्या विझर्डला पहिल्या स्तराचे दोन स्पेल आणि स्पेशालिस्टला तीन. हा दीडपट फायदा जीव वाचवणारा. विसाव्या लेव्हलला बुद्धिमत्तेचा बोनस सोडला तर ३६ विरुद्ध ४५, म्हणजे सव्वापट. नवख्याला स्पेशलायझेशन जास्त फळतं आणि मुरलेल्याला कमी. खऱ्या आयुष्यात उलटं असायला हवं ना?

दुसरी अडचण शाखांचीच. जखम भरणारा 'क्युअर' स्पेल घ्या. तो क्लेरिकचा आहे, पण शाखा त्याच आठ. दुसऱ्या आवृत्तीत तो नेक्रोमन्सी, तिसऱ्यात कॉन्ज्युरेशन, २०१४ च्या पाचवीत इव्होकेशन, आणि २०२४ च्या पुस्तकात ॲब्ज्युरेशन. स्पेल तोच, कपाट बदलत गेलं. विद्यापीठात ज्यांचा विषय एका विभागातून दुसऱ्यात हलवला गेलाय, त्यांना हे नवीन वाटणार नाही. पण मग 'ही शाखा तुला बंद' या शिक्षेला तरी काय अर्थ उरतो?

२०१४ च्या आवृत्तीनं ही शिक्षाच काढून टाकली. दुसऱ्या लेव्हलला शाखा निवडायची, ती पोथीत उतरवायला अर्धा वेळ आणि अर्धा पैसा लागणार, शिवाय शाखेची खास कसबं मिळणार. ही कसबं सुंदर आहेत, हे मान्यच. इव्होकर आगीच्या लोळातून आपले मित्र अलगद वगळतो. डिव्हायनर सकाळी दोन फासे टाकून ठेवतो आणि दिवसभरात कुणाच्याही फाशाच्या जागी ते वापरतो. नुसता आणखी एक स्पेल देण्यापेक्षा हे प्रावीण्याच्या कितीतरी जवळचं आहे.

पण बंद काहीच नाही. मूळ पुस्तकात शाखा न निवडलेला विझर्डही उरला नाही. सगळे स्पेशालिस्ट, आणि सगळ्यांना सगळं येतं.

माझी तक्रार इथं आहे. आमच्या टेबलावर साडेतीन आवृत्तीतल्या एका विझर्डनं इल्युजन आणि एन्चांटमेंट सोडलं होतं. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी अडून बसला. विझर्ड म्हणाला, "मला हे येत नाही." मग तोवर कोपऱ्यात गप्प बसलेल्या बार्डनं त्या पहारेकऱ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. त्या संध्याकाळचं सगळ्यात छान तेच झालं. आजच्या नियमांत विझर्ड एक स्पेल टाकून मोकळा झाला असता. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण इथं लागूच होत नाही, कारण त्याच्याकडे भाराभर धडकी वस्त्रं आहेत. उघडे पडतात ते बाकीचे.

मला सगळ्यात पटलेला तोडगा २००९ च्या पाथफाइंडरचा. विरुद्ध शाखेचा स्पेल तुम्ही वापरू शकता, फक्त त्याला दोन स्पेलची जागा द्यायची. दार उघडं आहे, पण उंबरठा उंच आहे. ज्या मानववंशशास्त्रज्ञानं चाळिशीत संख्याशास्त्र शिकलंय, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय तिथं कुठलीच शाखा न निवडणाऱ्या 'युनिव्हर्सलिस्ट'लाही स्वतःची कसबं आहेत. सगळं थोडंथोडं येणं ही उणीव न मानता त्या पुस्तकानं ती एक निवड मानली.

म्हणून पाचवी आवृत्ती चालवताना मी एक घरगुती नियम ठेवतो. विझर्डनं दोन शाखा सांगायच्या. त्यांतला कुठलाही स्पेल तयार करायचा तर तयारीच्या यादीतल्या दोन जागा जातील. पहिल्या दिवशी कुरकुर होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला विझर्ड आपणहून बार्डकडे वळतो आणि विचारतो, "तुला जमेल का रे हे?"