आगकाड्यांपासून गीतपटांपर्यंत : स्टॉप मोशनमधील नवता आणि कारागिरी

स्टॉप मोशन पद्धतीने केलेल्या गीतपटांविषयी लिहिताना समीक्षेकडून सामान्यतः दोन प्रकारचे निर्णय दिले जातात. पहिला निर्णय ‘ही कल्पना याआधी अमुकाने वापरली आहे’ असा असतो, तर दुसरा ‘या कामासाठी इतके महिने लागले’ असा. पहिल्यात नवतेचा विचार तारखांवर येऊन थांबतो. दुसऱ्यात कारागिरीचा विचार श्रमाच्या तासांवर. हे दोन्ही निकष कृतीच्या बाहेरचे आहेत. नवता आणि कारागिरी ही जणू दोन वेगळी खाती आहेत असे गृहीत धरल्यामुळे ते उपजले आहेत. या कलाप्रकारात त्यांची अशी फाळणी करता येते काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘संवाद’विचाराचा आधार घेता येण्याजोगा आहे.

प्रथम पद्धतीविषयी. निर्जीव वस्तू किंवा सजीव माणूस एका स्थितीत ठेवून त्याचे एक छायाचित्र घ्यावयाचे, मग स्थितीत किंचित बदल करून दुसरे घ्यावयाचे, आणि ही चित्रे सलग दाखवून गतीचा भास निर्माण करावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. माणसालाच अशा रीतीने हलविले की त्यास पिक्सिलेशन म्हणतात. गीताशी या पद्धतीचे नाते गणिती आहे. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गीतात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास त्या ठोक्यास १२ चौकटी मिळतात, आणि प्रत्येक स्थिती दोन चौकटी टिकविली तर सहा स्थिती. म्हणजे एका ठोक्याच्या अवकाशात कारागिरास सहा वेळा निर्णय घ्यावा लागतो. छंदोबद्ध रचनेत कवीला मात्रा मोजाव्या लागतात, तसाच हा प्रकार आहे. मात्रा मोजल्याने काव्य होत नाही. परंतु मात्रांच्या बंधनातच ते घडते.

आता साम्याविषयी. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी व्यक्तींमधील साम्यासारखे. पहिल्याला स्वतःचा आत्मा नसतो आणि दुसऱ्याचा आत्मा तुच्छ असतो, म्हणून ते त्याज्य होत. तिसऱ्यात साम्य असूनही स्वतंत्र आत्मा असतो, म्हणून कवीने ते टाळण्याचे कारण नाही. पुढे, आपल्या पूर्वजांचे नाते महाराष्ट्राशी सांगणाऱ्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या तिहींत ‘परपुरप्रवेश’ या चौथ्या प्रकाराची भर घातली. येथे मूळ वस्तू एकच असते, पण तिच्याभोवतीची सर्व रचना अगदी दूरची असते. या विचाराचे महत्त्व असे, की साम्य आढळणे ही येथे चौकशीची सुरुवात ठरते. साम्य कोणत्या जातीचे आहे, हे पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न घरचाच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. फ्रेंच चित्रकार एमिल कोल याचा सजीव आगकाड्यांचा पट १९०८ चा असून फाळके यांची प्रेरणा तीच होती असे सांगितले जाते. तारखांचा निकष लावला तर निकाल तेथेच लागतो. परंतु हा निकष स्वतःच डळमळीत आहे. आर्थर मेलबर्न-कूपर या इंग्रज चित्रपटकाराचा आगकाड्यांच्या बाहुल्यांचा एक आवाहनपट आहे. तो बोअर युद्धाच्या काळातला, १८९९ चा, की पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीचा, १९१४ चा, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पहिली तारीख मानली तर कोलचा अग्रमान जातो. दुसरी मानली तर राहतो. कोलच्या पटातील एकही चौकट मात्र यामुळे बदलत नाही.

फाळके यांच्या पटाबाबत आणखी एक अडचण आहे. तो आज पाहावयास उपलब्ध नाही. अशा कृतीला ‘अनुकरण’ म्हणणे जितके घाईचे, तितकेच देशाभिमानापोटी तिला ‘भारतीय ॲनिमेशनची अपूर्व गंगोत्री’ म्हणणेही घाईचे आहे. उपलब्ध आहे तो तिचा संदर्भ. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस, एकेक चौकट करून टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटाने धनको राजी झाला आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. कॅमेऱ्यासमोरचा काळ आणि पडद्यावरचा काळ वेगळे करता येतात, हे फाळके येथे स्वतःच्या हाताने शिकले. मात्र वाटाणा आपणहून वाढतो आणि कॅमेरा वाट पाहतो. आगकाडी आपणहून हलत नाही, तिला हातच हलवितो. ‘वाढ’ आणि ‘मौज’ या दोन शीर्षकांतील अंतर हेच आहे. म्हणून ‘आगकाड्यांची मौज’ची वंशावळ सांगताना कोलच्या पटाबरोबर दादरच्या घरातील त्या कुंडीचेही नाव घ्यावे लागते. वस्तू परकी आणि तिच्यापर्यंत पोहोचलेला हात स्वतःचा, अशी ही स्थिती राजशेखराच्या चौथ्या प्रकाराकडे बोट दाखविते. त्यापुढचा निर्णय पटाअभावी स्थगित ठेवणेच न्याय्य होय.

फाळके यांचा पट मूक होता. गीत आणि क्रमाने येणारी चित्रे यांच्या संबंधाचा मराठी प्रदेशातील जुना नमुना पाहावयाचा तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीकडे वळावे लागते. पोथीतील सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून कलावंत वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गातात. येथे चित्र स्थिर राहते आणि गाणे चालते. एका चित्रावर अनेक चरण तोलले जातात. स्टॉप मोशन गीतपटात हे नाते उलटते, एका मात्रेवर अनेक चित्रे तोलावी लागतात. चित्रकथीत आख्यान नवे आहे काय, असा प्रश्न श्रोता विचारीत नाही. ठाऊक असलेल्या आख्यानात चित्र कोणत्या क्षणी बदलले, यावर त्याची दाद ठरते. गीतपटाच्या समीक्षेने हा श्रोता आठवणीत ठेवण्यासारखा आहे.

नॉर्मन मॅकलॅरन आणि क्लोद ज्युत्रा यांचा ‘अ चेअरी टेल’ (१९५७) हा कॅनडाचा लघुपट येथे दुवा ठरतो. त्याला पंडित रविशंकर यांचे संगीत असून तबल्यावर चतुरलाल आहेत. एक माणूस खुर्चीवर बसू पाहतो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही, एवढीच त्याची कथा. शेवटी माणूस स्वतः खुर्चीचे आसन होतो, तेव्हाच खुर्ची त्याचे आसन होते. मॅकलॅरन यांनी ‘नेबर्स’ (१९५२) मध्ये पिक्सिलेशन वापरलेले होतेच. तंत्र म्हणून येथे अपूर्व असे थोडेच आहे. नवे आहे ते खुर्चीला मिळालेले मन. ते सतार-तबल्याच्या प्रश्नोत्तरांतून ऐकू येते आणि खुर्चीच्या हालचालींतून दिसते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेशी संबंधित इशू पटेल यांनी कॅनडातच केलेला ‘बीड गेम’ (१९७७) हाही असाच. तालवाद्यांच्या साथीने मणी एकमेकांना गिळणारे प्राणी होतात आणि अखेर अणूपर्यंत पोहोचतात. मणी सुटतात आणि पुन्हा गुंफले जातात, हा त्या द्रव्याचा स्वभावच पटाचा आशय झाला आहे.

गीतपटांच्या क्षेत्रात पीटर गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ला (१९८६) मानदंडाचे स्थान आहे. दिग्दर्शक स्टीफन जॉन्सन, आर्डमन स्टुडिओ आणि क्वे बंधू यांचे हे संयुक्त काम. गायक तासन्‌तास काचेखाली पडून राहिला, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. तथापि जॉन्सन यांनी आदल्याच वर्षी टॉकिंग हेड्सच्या ‘रोड टू नोव्हेअर’मध्ये डेव्हिड बर्न यांच्यासह याच वाटेने पावले टाकली होती, आणि नंतर गेब्रिएलच्याच ‘बिग टाइम’चा गीतपटही केला. एकाच दिग्दर्शकाच्या या तीन कृतींत चौर्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणूनच त्या तौलनिक अभ्यासास सोयीच्या आहेत. पहिल्यात वस्तू गाण्याच्या कडेने फिरतात. दुसऱ्यात गायकाचा चेहराच द्रव्य होतो, आणि देहाच्या रूपकांनी भरलेल्या गीताला देह मिळतो. तिसऱ्यात कौशल्य कमी नाही. पण ते पूर्वी मिळालेल्या उत्तराची आवृत्ती वाटते. स्वतःच्याच कृतीचे ‘चित्र’ काढणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण मानता येईल.

याउलट मिशेल गोंद्री यांच्या ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’मध्ये (२००२) द व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या वाद्यवृंदाला लेगोच्या ठोकळ्यांतून घडविले आहे. ठोकळ्याने चेहऱ्याची बारीक रेषा काढता येत नाही. गिटार आणि ढोल एवढ्यावरच उभ्या असलेल्या या गीतालाही बारीक नक्षी नको आहे. द्रव्याची मर्यादा आणि गीताचा उघडेवाघडेपणा येथे एकमेकांस भेटतात. खेळण्यांनी चित्रपट करण्याची कल्पना कोणाचीही असो, ही भेट गोंद्री यांची आहे.

२००९ हे वर्ष या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ओरेन लावी याच्या ‘हर मॉर्निंग एलिगन्स’मध्ये बिछान्यावर निजलेली स्त्री वरून टिपलेल्या २,०९६ छायाचित्रांतून चालते, पोहते, प्रवास करते. त्याच वर्षीच्या कोल्डप्लेच्या ‘स्ट्रॉबेरी स्विंग’मध्ये जमिनीवर पहुडलेला गायक खडूच्या चित्रांतून साहस करतो. या दुसऱ्या गीतपटाचे अँडी गॅलाघर याच्या ‘समथिंग एल्स’च्या गीतपटाशी साम्य असल्याचा आक्षेप घेतला गेला, दिग्दर्शक शायनोला यांनी तो मान्य केला नाही. वादाचा निवाडा करणे समीक्षेचे काम नव्हे. मात्र वरून पाहणारा कॅमेरा आणि आडवा देह ही योजना जमीन व भिंत यांची अदलाबदल करते, आणि गुरुत्वाकर्षणातून सुटलेला देह कोणालाही सुचू शकतो. ही राजशेखराची ‘मूळ वस्तू’ झाली. लावीच्या गीतपटात बिछाना बिछानाच राहतो. चादरीच्या सुरकुत्या लाटा झाल्या तरी झोप मोडत नाही, आणि गाण्यातील सकाळ स्वप्नाच्या आतच उगवते. ‘स्ट्रॉबेरी स्विंग’मध्ये खडूची रेघ पुसली जाते आणि पुन्हा काढली जाते, म्हणून प्रत्येक प्रसंग क्षणभंगुर भासतो. वरवरचे साम्य असूनही हे दोन देह निराळे आहेत.

श्रमाच्या आकड्यांचा मोह शेवटी विचारात घ्यावा लागतो. किना ग्रॅनिसच्या ‘इन युअर आर्म्स’साठी (२०११) २ लाख ८८ हजार जेली बीन्स, २२ महिने आणि १,३५७ तास लागल्याचे सांगितले जाते. हे आकडे आदर निर्माण करतात आणि तो योग्यच आहे. या क्षेत्रातील बहुतेक हात निनावी राहतात. फाळके यांच्या घरी फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंचे नावही पुष्कळ काळ उपेक्षितच राहिले होते. परंतु श्रमाचा आदर करणे आणि श्रमालाच मूल्य मानणे यांत अंतर आहे. प्रत्येक गोळी हाताने ठेवलेली असणे ही कारागिरीची अट झाली. ती गोळी त्या मात्रेवर तेथेच का, याला गीतातून उत्तर मिळणे ही तिची सिद्धी होय.

या विवेचनातून एवढे हाती लागते, की स्टॉप मोशन गीतपटात नवता कल्पनेच्या टप्प्यावर पूर्ण होत नसते. ती हाताच्या प्रत्येक निर्णयात, द्रव्याच्या विरोधात आणि लयीच्या हिशेबात पुनःपुन्हा सिद्ध करावी लागते. म्हणून ‘आधी कोणी केले?’ या प्रश्नाच्या जागी ‘साम्य कोणत्या जातीचे?’ हा प्रश्न ठेवल्यास गीतपटांच्या समीक्षेला शिस्त लाभेल. १९१५ च्या त्या न दिसणाऱ्या आगकाड्यांनाही तोवर अनुकरणाच्या आरोपातून, आणि अकारण गौरवातूनही, मोकळे ठेवता येईल.