असणार, असावा, असेल

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत अनुमानाचा एक धडा असतो. तो लिहिणारा विष्णुपुरीला कधी उतरला नसावा, हे पहिल्या चित्रावरूनच कळते. चित्रात सूट घातलेले गृहस्थ. खाली वाक्य, 'ही मस्ट बी रिच.' शेजारी मळक्या कपड्यांतला इसम. 'ही कान्ट बी रिच.' झाले अनुमान! आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सुटात दिसणारा एक तर नवरदेव असणार, नाही तर इंजिनिअरिंग कॉलेजातून मुलाखतीला निघालेला पोरगा. त्याच्या खिशात बहुधा एस.टी.पुरतेच पैसे असतील. आणि मळक्या धोतरातले ते आजोबा? गोदावरीच्या पाण्यावर ऊस काढतात. त्यांच्या मुदत ठेवीची पावती करताना शून्ये दोनदा मोजावी लागतात.

'मस्ट'चे दुखणे वेगळेच. तोच शब्द हुकूम करतो, तोच तर्कही. 'यू मस्ट बी टायर्ड'चे भाषांतर एखादा हुशार मुलगा 'तुम्ही दमलेच पाहिजे' असे करतो, आणि पाहुणा घाबरून उठतो. अर्थात आपणही फार हसू नये. 'हा तिचा नवरा असावा' हा तर्क, 'नवरा असावा तर असा' ही इच्छा. आपला विध्यर्थ दोन्हीकडे राबतो.

माणसांच्या वर्णनाची शब्दयादी मात्र अगदीच दरिद्री. शिडशिडीत आणि किडकिडीत यांचे वजन काट्यावर एकच भरते. पहिली आपली लेक, दुसरी सून. यादीत दोघी 'थिन'! सावळ्याला 'डार्क' दिले आहे. पंढरपूरला जाऊन विठोबाला 'डार्क' म्हणून दाखवावे. गोऱ्याला आणि न्याय्याला शब्द एकच, 'फेअर'. अशा भाषेच्या अनुमानावर किती भिस्त ठेवायची? २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरे पुढे हेच धडे गिरवणार.

'माइट'ला पुस्तकाने दोनच ओळी दिल्या, ही माझी खरी तक्रार. आमच्या काउंटरवर निराधार योजनेचे पैसे न्यायला म्हातारी येते. पासबुकातल्या फोटोत केस काळे, दात सगळे. पुस्तकी बाबू म्हणतो, 'कान्ट बी.' म्हातारी बाकावर बसून राहते. आमच्या शिपायाला इंग्रजी येत नाही. तो पाण्याचा पेला देऊन विचारतो, "आजी, कोण्या गावच्या? माहेर कुठलं?" दोन मिनिटांत सासर, माहेर, धाकट्या दिराचे नावसुद्धा निघते, आणि तेच नाव खात्याच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सापडते.

प्रश्न विचारण्याचा धडा पुस्तकात आहे. पण तो शेवटून दुसरा, आणि तोवर शिकवणीची फी संपलेली असते.