‘शास्त्रीय कारणे लिहा’ : माध्यमिक जीवशास्त्राच्या सराव प्रश्नांची चिकित्सा

प्रास्ताविक

पाठ्यपुस्तकांची समीक्षा आपल्याकडे अधूनमधून होते. एखाद्या धड्यातील चूक वृत्तपत्रात येते, शिक्षक संघटना निवेदन देतात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. प्रश्नांची समीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः दहावीचा विद्यार्थी दिवाळीनंतर पाठ्यपुस्तक जवळजवळ मिटून ठेवतो आणि परीक्षेपर्यंतचा काळ सराव प्रश्नसंचांच्या सहवासात घालवतो. त्याच्या मनात जे जीवशास्त्र उरते ते धड्यांतील नसून प्रश्नांतील असते. म्हणून प्रश्न हाही एक पाठ मानून त्याची चिकित्सा करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात मराठी माध्यमाच्या माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी वनस्पती, प्राणी व शरीरसंस्था या घटकांवर ज्या प्रकारचे सराव प्रश्न सोडवून घेतले जातात, त्यांपैकी मुख्यतः ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रकाराचा विचार केला आहे.

बालभारतीने २०१८ साली इयत्ता दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे पुस्तक दोन भागांत आणले. जीवशास्त्राचा बहुतांश आशय दुसऱ्या भागात आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेपासून प्रत्येक भागाची ४० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली आणि तीत शास्त्रीय कारणांना चार गुण मिळाले. चार गुणांवर एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की या प्रश्नाने घडविलेली सवय उरलेल्या छत्तीस गुणांतही वावरते. आणि पुढे आमच्या महाविद्यालयांच्या वर्गांतही येते.

विधान आधी, विचार नंतर

या प्रश्नप्रकाराची रचना पाहावी. एक विधान दिले जाते. ते सत्य आहे हे गृहीत असते. विद्यार्थ्याने त्याचे समर्थन करावयाचे असते. विधान सत्य आहे काय, कोणत्या मर्यादेत सत्य आहे, हे विचारण्याची सोय रचनेतच नाही. विज्ञानात क्रम उलटा असतो. आधी निरीक्षण, मग शंका, मग कारणाचा शोध, आणि त्या कारणाचीही परीक्षा. इथे निकाल आधी जाहीर होतो आणि साक्षीपुरावे नंतर गोळा केले जातात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सराव प्रश्नसंचांत पिढ्यान्‌पिढ्या येणारे ‘रात्री झाडाखाली झोपू नये’ हे विधान. त्याचे ठरलेले उत्तर सर्वांना पाठ आहे : रात्री सूर्यप्रकाश नसल्याने प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालू राहते, झाडे कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, म्हणून झाडाखाली झोपणे आरोग्यास अपायकारक असते. यातील पहिली तीन वाक्ये बरोबर आहेत. चौथे त्यांतून निघत नाही. झाडाने सोडलेला वायू मोकळ्या हवेत साचून राहत नाही. विसरणाने व वाऱ्याने तो पसरतो. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस स्वतः मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे तासाला बारा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद खोलीत शेजारी झोपलेले माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी अधिक वायू सोडते. तरी ‘रात्री भावंडाशेजारी झोपू नये’ असा प्रश्न कोणी काढीत नाही.

आंब्याच्या राखणीला बागेत झोपणाऱ्या, उन्हाळ्यात कडुनिंबाखाली बाज टाकणाऱ्या घरातील मुलेही हे उत्तर लिहितात. घरचा अनुभव आणि वहीतील उत्तर यांची गाठ पडू नये अशी ही व्यवस्था आहे. एखाद्या मुलाने साप-विंचू, पक्ष्यांची विष्ठा, वाळक्या फांद्या ही कारणे लिहिली, तर ती खरी असूनही ‘शास्त्रीय’ ठरत नाहीत. कारण त्यांत वायूचे नाव नाही. विशेष म्हणजे याच मुलांना ‘पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो’ हेही मान्य असते. प्रकाशाशिवाय कोणतीही वनस्पती ऑक्सिजन बाहेर टाकीत नाही, हे त्यांनी शिकलेले असते. परस्परविरोधी दोन विधाने मनात शेजारी नांदतात, कारण दोहोंची समोरासमोर गाठ घालून देणारा प्रश्न त्यांना कधी विचारला गेलेला नसतो.

‘म्हणून’चे दोन अर्थ

या प्रश्नांच्या उत्तरांत सर्वाधिक वेळा येणारा शब्द ‘म्हणून’ हा आहे, आणि तो दोन कामे करतो. ‘पाऊस आला म्हणून छत्री उघडली’ यात कारण आहे. ‘भिजू नये म्हणून छत्री उघडली’ यात हेतू आहे. मराठीने हा भेद क्रियापदाच्या रूपात स्पष्ट राखला आहे; ‘आला’ हे घडलेले आहे, ‘भिजू नये’ ही कोणाची तरी इच्छा आहे. दुसऱ्या वाक्यात इच्छा करणारा कर्ता अध्याहृत असतो.

आता नेहमीचे उत्तर पाहावे : बाष्पोच्छ्वास कमी व्हावा म्हणून निवडुंगाच्या पानांचे काट्यांत रूपांतर झालेले असते. ‘व्हावा’ असे कोणाला वाटले? निवडुंगाला? उत्तरपत्रिकेत हे वाक्य पूर्ण गुण मिळवते. मग तोच विद्यार्थी ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पहिल्या धड्यावरील प्रश्नाकडे वळतो आणि लिहितो की मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली हे लॅमार्कचे म्हणणे स्वीकारले गेले नाही, डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला. एका पानावर लॅमार्कला नाकारायचे आणि पुढच्या पानावर त्याहूनही पुढे जाऊन वनस्पतीला हेतू बहाल करायचा, यातील विसंगती ना लिहिणाऱ्याच्या लक्षात येते, ना तपासणाऱ्याच्या.

जीवशास्त्रात हेतूची भाषा सर्वथा निषिद्ध आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९६१ साली जीवशास्त्रातील कार्यकारणभावावर लिहिलेल्या निबंधात निकटची कारणे आणि अंतिम कारणे असा भेद केला. एखादी गोष्ट आत्ता या सजीवात कशी घडते, हा एक प्रश्न; ती घडण्याची क्षमता त्याच्या वंशात कशी आली, हा दुसरा. मूळ जमिनीकडे वाढते याचे निकटचे कारण ऑक्झिनचे असमान वितरण व त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पेशींची असमान वाढ हे आहे. अंतिम कारण निवडीच्या इतिहासात आहे. ‘पाणी मिळावे म्हणून’ हे उत्तर या दोहोंपैकी एकही नाही. ते दोहोंच्या जागी बसविलेले एक सोयीचे वाक्य आहे. प्रश्नकर्त्याने केवळ ‘कारण लिहा’ न म्हणता ‘हे कसे घडते’ किंवा ‘याचा वनस्पतीला काय लाभ होतो’ असे विचारले, तरी निम्मा गोंधळ मिटेल. लाभ म्हणजे हेतू नव्हे, एवढे तरी दहावीच्या विद्यार्थ्याला समजते.

शुद्ध व अशुद्ध

शरीरसंस्थांच्या प्रश्नांत हीच गोष्ट शब्दांच्या पातळीवर घडते. जुन्या मराठी पुस्तकांत ‘रोहिणी’ व ‘नीला’ हे शब्द होते. आता धमनी व शिरा हे रूढ आहेत. ‘नीला’ गेली, पण तिचा रंग गेला नाही. आकृतीत शिरा निळ्या रंगवल्या जातात आणि शिरेतील रक्त खरोखर निळे असते असे मानणारे विद्यार्थी प्रथम वर्ष विज्ञानाच्या वर्गात दरवर्षी भेटतात. ऑक्सिजन कमी असलेले रक्तही गडद लालच असते.

‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ रक्ताची जोडी याहून चिवट आहे. पाठ्यपुस्तकातील भाषा ‘ऑक्सिजनयुक्त’ या शब्दापर्यंत आली, तरी वर्गात व मार्गदर्शिकांत जुनी जोडी टिकून आहे. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नात विद्यार्थी लिहितो, धमन्यांतून शुद्ध रक्त वाहते. एका गुणाच्या प्रश्नात विचारले जाते, अशुद्ध रक्त वाहून नेणारी धमनी कोणती? तो लिहितो, फुप्फुस धमनी. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात. दुसरे उत्तर पहिल्याला खोटे पाडते, हे दिसण्यासाठी दोन्ही एकत्र ठेवून पाहावी लागतात. हृदयापासून दूर नेते ती धमनी, ही व्याख्या पक्की असती तर अपवाद अपवाद राहिलाच नसता.

विल्यम हार्वे यांचा १६२८ सालचा ग्रंथ या संदर्भात आठवतो. शरीरात रक्त फिरून परत येते, हे त्यांनी दाखविले त्यात साध्या गणिताचा मोठा वाटा होता. प्रत्येक ठोक्याला हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याला ठोक्यांच्या संख्येने गुणले, तर थोड्याच वेळात ते शरीरातील एकूण रक्ताहून अधिक होते. एवढे रक्त अन्नापासून सतत नव्याने तयार होणे अशक्य, म्हणून तेच परत येत असले पाहिजे. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. त्या १६६१ साली माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. न पाहिलेल्या वस्तूपर्यंत तर्काने पोचणे, याला शास्त्रीय कारण म्हणतात. दहावीच्या विद्यार्थ्याला मिनिटाला ७२ ठोके ठाऊक असतात. ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त हा आकडा दिला, तर मिनिटाला पाच लिटर, तासाला तीनशे लिटर हे तो सहज काढील. शरीरात रक्त आहे सुमारे पाच लिटर. मग तीनशे लिटर येते कोठून? हा प्रश्न सराव संचांत प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आलेला नाही.

कासव, निवटी आणि जास्वंद

सर्वच प्रश्न सदोष आहेत असे नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणावरील, कासव जमिनीवर व पाण्यातही राहते तरी त्याचा समावेश उभयचर वर्गात का होत नाही, हा स्वाध्यायातील प्रश्न उत्तम आहे. त्यातील ‘तरी’ हा शब्द विद्यार्थ्याला अडवतो. निवासस्थान हा वर्गीकरणाचा निकष नव्हे, हे त्याला शोधून काढावे लागते. परंतु तोच प्रश्न दहा वेळा सोडविला की ‘तरी’चे बळ संपते. उरते ते ‘कासव – फुप्फुस – सरीसृप’ असे सूत्र. पाठ्यपुस्तकातील ‘जरा डोके चालवा’ या चौकटीतील प्रश्नांचीही हीच गत झाली आहे. त्यांची तयार उत्तरे बाजारात मिळतात, म्हणजे डोके चालविण्याचे कामही दुसऱ्या कोणी आधीच उरकलेले असते.

उपाय फार दूर नाही. कासवाच्या जागी निवटी ठेवावी. रायगड-पालघरच्या खाड्यांत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा किनाऱ्यावरील मुलांनी पाहिलेला असतो, खाल्लेलाही असतो. तो पाण्याबाहेर बराच काळ राहतो, ओल्या त्वचेतूनही श्वसन करतो. मग तो उभयचर का नाही? कल्ले आहेत, पर आहेत, हे मुलाने स्वतः जुळवायचे. विदर्भ-मराठवाड्यातील मुलाला निवटी ठाऊक नसेल तर दोन ओळींचे वर्णन प्रश्नातच द्यावे. ज्ञान तेच तपासले जाते, फक्त पाठांतराला वाव राहत नाही.

आकृत्यांविषयी एकच अनुभव नोंदवते. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात जास्वंदीचे फूल देऊन निरीक्षणावरून आकृती काढावयास सांगितली होती. त्या दिवशी मिळालेली फुले दुहेरी पाकळ्यांची होती. त्यांत अनेक पुंकेसरांचेच पाकळ्यांसारखे रूपांतर झालेले असते. वर्गातील बहुतेकांनी पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची नळी आणि टोकाला पाच कुक्षी अशी शाळेत घोटलेली सुबक, नामनिर्देशित आकृती काढली. फूल टेबलावर तसेच राहिले. एकीने मात्र विचारले, ‘मॅडम, फुलाची काढू की बरोबर असलेली काढू?’

गुणदानाचा प्रश्न

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. दहावीला राज्यात पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. उत्तरपत्रिका हजारो शिक्षक तपासतात. मुंबईत तपासलेल्या आणि गडचिरोलीत तपासलेल्या उत्तराला समान गुण मिळाले पाहिजेत, तर आदर्श उत्तरे व गुणदानाची ठरीव योजना अपरिहार्य ठरते. मोकळा प्रश्न विचारला तर तपासनिसाच्या मर्जीला वाव मिळतो, आणि त्याचा फटका ज्याला पुनर्मूल्यांकनाची वाट माहीत नाही अशा विद्यार्थ्याला आधी बसतो. पाठांतराने ग्रामीण भागातील, पहिल्या पिढीतील अनेक मुलांना उत्तीर्ण होण्याचा एक भरवशाचा मार्ग दिला आहे, हेही खरे आहे. तो मार्ग काढून घेताना दुसरा दिला पाहिजे.

परंतु समान गुणदानासाठी समान वाक्येच हवीत असे नाही. व्हान हेल्मॉन्ट यांचा विलो वृक्षाचा प्रयोग घ्यावा. २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे रोप लावून त्यांनी पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. वृक्षाचे वजन १६४ पौंडांनी वाढले, माती दोन औंसांनी कमी झाली. वृक्ष पाण्यापासून घडला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे लेखन १६४८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. निष्कर्ष चुकला, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबात नव्हता. पण झाडाचे वजन मातीतून येत नाही, हे त्यांनी निर्विवाद दाखविले. आजच्या गुणदान योजनेत त्यांना शून्य मिळेल. तीन गुणांपैकी एक पुराव्याच्या वापराला, एक तर्काला व एक अचूक निष्कर्षाला ठेवला, तर त्यांना दोन मिळतील, आणि ते मुंबईत व गडचिरोलीत सारखेच मिळतील.

झाडाखाली झोपण्याचा प्रश्नही याच पद्धतीने विचारता येईल : ‘रात्री झाडाखाली झोपू नये, या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात? श्वसन व विसरण यांच्या आधारे लिहा.’ रात्री झाडाचे श्वसन चालू असते, याला एक गुण. मोकळ्या हवेत वायू पसरतो, याला एक गुण. यावरून विधानाची मर्यादा सांगितली, तर तिसरा. आणि साप-विंचवाचे कारण कोणी जोडले, तर त्यासाठी गुण कापू नयेत, अशी एक ओळ तपासनिसांसाठी.