वनपिंगळा आणि ‘नाही’चा हिशेब

वनपिंगळ्याची गोष्ट मराठीत आता बऱ्याच वेळा सांगून झाली आहे. १८७२ साली ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडमध्ये या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. १८७३ साली ह्यूम यांनी त्याला नाव दिले. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. पुढे २०१४ साली तो तानसा अभयारण्यात, म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या अगदी उंबरठ्यावर दिसला. गोष्ट खरी आहे आणि मुलांना आवडतेही. पण ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्यात पक्षी दिसल्याचा आनंदच तेवढा उरतो आणि विज्ञान गळून पडते, अशी आमची तक्रार आहे. अनेक शिक्षक ही गोष्ट वर्गात वापरतात, म्हणून ती जरा तपासून पाहू.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्या गावात, शाळेच्या आवारातल्या झाडावर जो ठिपकेदार पिंगळा बसतो, तो वेगळा. जंगलात राहणारा, अंगभर आडव्या पट्ट्यांचा जंगली पिंगळा, तोही वेगळा. आपण बोलत आहोत तो वनपिंगळा. वर्तमानपत्रे त्याला रानपिंगळाही म्हणतात. साधारण २३ सेंटिमीटर लांबी, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट, पोट पांढरे. सागाच्या पानगळी जंगलात निष्पर्ण शेंड्यावर तो भर दिवसा बसतो आणि शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. घाईने पाहणाऱ्याला तो साधा पिंगळाच वाटतो.

गोष्टीतला पहिला गळलेला भाग १९१४ सालचा आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली वनपिंगळा मिळवल्याची नोंद होती. नमुना संग्रहालयात होता, त्याला चिठ्ठी बांधलेली होती. मग शंका कोण घेणार? ही नोंद खरी मानल्यामुळे शोधाचे ठिकाण आणि काळ दोन्ही चुकीचे धरले गेले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनाही हा पक्षी सापडला नाही.

पामेला रासमुसेन यांनी जंगलात जाण्याआधी संग्रहालयातले नमुने तपासले. जगात वनपिंगळ्याचे अवघे सात नमुने होते. मांडवीचा म्हणून ठेवलेला नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. कातडीत कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक ढब असते. नमुना उसवून पुन्हा भरलेला होता, तरी क्ष-किरण तपासणीत डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा दिसल्या. म्हणजे नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे १९९९ साली सविस्तर प्रसिद्ध केले. ती खोटी नोंद वगळून, खऱ्या नमुन्यांची गावे धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले, आणि अखेर खानदेशात त्यांना पक्षी दिसला. ‘अचानक दर्शन झाले’ असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा हे सगळे काम पुसले जाते.

दुसरा गळलेला भाग त्यानंतरचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून मध्य भारतातील जंगलांची पद्धतशीर पाहणी केली. पक्षी सापडला ती जंगले त्यांनी नोंदवली, तशीच न सापडला तीही. आमच्या मते या कामाचे मोल १९९७ च्या दर्शनापेक्षा कमी नाही. दर्शनाने पक्षी जिवंत असल्याचे कळले. तो कुठल्या जंगलात शोधून मिळतो आणि कुठल्या जंगलात मिळत नाही, हे पाहणीने कळले. लोकप्रिय लेखनात मात्र या भागाला एखादी ओळ मिळते.

आता तानसाकडे येऊ. शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेले हे जंगल. कसारा लोकलने आटगाव किंवा खर्डीला उतरावे, की ते जवळ येते. मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तानसा तलाव इथलाच. ठाणे, डोंबिवली, कल्याणचे निसर्गप्रेमी इथे वर्षानुवर्षे जात आले आहेत. सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी २०१४ साली इथल्या वनपिंगळ्याची नोंद छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. अशा टिपणाचे काम पक्ष्याची हजेरी सिद्ध करणे, आणि ते त्याने चोख केले. आमचा आक्षेप त्यानंतरच्या वाक्यावर आहे: ‘वनपिंगळा आता ठाणे परिसरात आला.’

‘आला’ हे कशावरून? तो आधीपासून इथेच असेल आणि साधा पिंगळा समजून लोक पुढे गेले असतील, किंवा तो खरोखर नव्याने आला असेल. दोहोंत निवड करायची तर २०१४ पूर्वी कोणी, कोणत्या महिन्यात, किती वेळा, कोणत्या सागवनात शोध घेऊन ‘दिसला नाही’ असे लिहून ठेवले होते, ते हवे. पक्षीयाद्यांत दिसलेले पक्षी असतात. न दिसलेल्यासाठी किती पायपीट झाली, ते क्वचितच असते. त्यामुळे ‘आला’ हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आमच्या घुबड-पाहणीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हंगामी मुले येतात. काही शहरातल्या महाविद्यालयांतली, काही जंगलालगतच्या पाड्यांवरची. पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, आज काहीच नाही दिसलं. मग वहीत काय लिहायचं?’ उत्तर असे, की जागा, वेळ, वारा, किती मिनिटे थांबलो, हे सगळे लिहायचे आणि पुढे शून्य. ज्या जागी गेलोच नाही, तिथे रेघ. शून्य आणि रेघ यांत घोटाळा झाला, की सबंध हंगाम वाया जातो. मजुरीही दिवसाची असते, पक्ष्याची नव्हे. दिसलेल्या पक्ष्यांवर शाबासकी ठरू लागली, की वहीत पक्षी वाढू लागतात. माइनर्ट्झहागेन हा याच रोगाचा टोकाचा नमुना म्हणावा लागेल.

शून्य लिहिले तरी एका शून्याने ‘नाही’ सिद्ध होत नाही. हे वर्गात फाशाने दाखवता येईल. समजा, जंगलाच्या एका तुकड्यात वनपिंगळा आहेच, आणि एका खेपेत तो दिसण्याची शक्यता तीनात एक आहे. फासा टाका : १ किंवा २ पडले तर दिसला, एरवी शून्य. तीन खेपांत तीनही शून्ये येण्याची शक्यता ८/२७, म्हणजे शेकडा ३० च्या आसपास. पक्षी असूनही दहातले तीन गट ‘इथे नाही’ असे सांगून घरी परततील! आठ खेपा केल्या तर ही शक्यता शेकडा ४ पर्यंत उतरते. डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याच विचारावर गणिती पद्धत मांडली : एकाच जागी पुन:पुन्हा जा, शून्य-एकची ओळ तयार करा, आणि त्यावरून न दिसलेल्या पक्ष्यांचाही अंदाज बांधा. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तर पक्षी लवकर ओ देतो हे खरे; पण विणीच्या दिवसांत वारंवार तसे केले तर त्याला घरटे सोडून हद्द राखत बसावे लागते. एका छायाचित्रासाठी ही किंमत फार आहे.

हा हिशेब केवळ पक्षीवेड्यांचा नाही. मुंबईच्या पाण्यासाठी आखलेल्या गारगाई धरणाच्या योजनेत तानसा अभयारण्यातले जंगल बुडणार आहे. अशा वेळी ‘या तुकड्यात वनपिंगळा आहे का?’ असा प्रश्न विचारला जातो आणि वहीतली रेघ सहज शून्य म्हणून वाचली जाते. पाणी की जंगल, हा निर्णय समाजाने करावा. पण दोन सकाळच्या फेरीवर आधारलेले ‘आढळला नाही’ हे वाक्य त्या निर्णयात पुरावा म्हणून येऊ नये. २०१८ साली जागतिक यादीत वनपिंगळ्याची पायरी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. नव्या जागी तो सापडत गेला, म्हणून आपल्याला तो अधिक ठाऊक झाला. जंगल वाढले, असा याचा अर्थ नाही.

शिक्षकांनी यासाठी तानसाला जायलाच हवे असे नाही. डोंबिवलीत किंवा कल्याणात शाळेजवळच्या पाच जागा ठरवा : जुना वड, पडका वाडा, मैदानाचा कोपरा. मुलांच्या जोड्यांनी पालकांसोबत सहा संध्याकाळी प्रत्येक जागी दहा मिनिटे थांबावे आणि साध्या पिंगळ्यासाठी एक, शून्य किंवा रेघ लिहावी. मग तक्ता फळ्यावर मांडून विचारा, की केवळ पहिल्या संध्याकाळीच गेलो असतो, तर किती जागी ‘पिंगळा नाही’ असे ठामपणे सांगितले असते? तो आकडा मुलांनी एकदा स्वत: काढला, की पुढे कुठल्याही अहवालातले ‘आढळला नाही’ वाचताना ती आपोआप विचारतील : कुठे, केव्हा आणि किती वेळा पाहिले?