चिंतनशील व्यावसायिक : डोनाल्ड शोन यांच्या संकल्पनेची यवतमाळच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना
पदवीत मिळालेले ज्ञान व्यावसायिक व्यवहारात केवळ लागू करतो, हा समज डोनाल्ड शोन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) या ग्रंथात नाकारला. काम करताना अनपेक्षित काही घडले की कुशल व्यक्ती थबकते, समस्येची नव्याने मांडणी करते आणि तेथेच प्रयोग करून पाहते. हे ‘कृतीतील चिंतन’ होय. काम संपल्यावर केलेला विचार म्हणजे ‘कृतीविषयक चिंतन’. प्रस्तुत लेखात या मांडणीची यवतमाळ जिल्ह्यातील एका घटनेच्या आधारे चिकित्सा केली आहे.

घटना
२०१७ च्या खरीप हंगामात जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या बाधेत बाहुल्या आकुंचन पावतात, लाळ सुटते. त्यावर अ‍ॅट्रोपीन दिले जाते. परंतु शेतात अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जातात आणि प्रत्येक घटकाची लक्षणे व उपचार सारखे नसतात. पाठ्यपुस्तकातील रुग्ण आणि खाटेवरील रुग्ण यांतील हे अंतर म्हणजेच शोन यांना अभिप्रेत असलेला अनपेक्षित क्षण होय.

चिकित्सा
मात्र येथेच या मांडणीची मर्यादा दिसते. डॉक्टरांसमोर केवळ लक्षणे असतात. कोणती औषधे मिसळली हे शेतमालकाला ठाऊक असते. फवारणाऱ्या मजुराला अनेकदा त्यांची नावेही माहीत नसतात. काय विकले गेले, हे कृषी सेवा केंद्राच्या बिलावर असते. पिकाची उंची व किडीचा जोर कृषी सहायकाला दिसतो. यांपैकी कोणा एकाचे चिंतन कितीही सखोल असले तरी ते अपुरेच ठरते. शोन यांनी व्यावसायिक व सेवार्थी यांच्यातील ‘चिंतनशील करार’ मांडला हे खरे. पण तो प्रामुख्याने दोघांमधला आहे. शिवाय गर्दीच्या वॉर्डात विचारास सवड किती, हा प्रश्न उरतोच. मायकेल एरॉट यांनी १९९५ मध्ये घेतलेला कालावधीविषयक आक्षेप म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

चिंतन हा केवळ व्यक्तीचा गुण मानला की अपयशाचा दोषही व्यक्तीवरच येतो. हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही, असा ठपका त्या वेळी शेतकऱ्यांवर ठेवण्यात आला. दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन ती साधने दिवसभर वापरता येतात का, हा विचार मागे पडला.

निष्कर्ष
शोन यांची संकल्पना त्याज्य नाही. ती अपूर्ण आहे. दवाखाना, कृषी विभाग, विक्रेता आणि मजूर यांचे अनुभव एकाच नोंदीत आणून पुढील हंगामापूर्वी तपासले गेले, तरच चिंतनाचे शिक्षणात रूपांतर होते. अध्यापकाच्या स्वयंमूल्यमापन अहवालासही हाच निकष लागू पडतो : जो अहवाल सहकारी वाचत नाहीत आणि ज्यात विद्यार्थी बोलत नाही, ती नोंद असते, चिंतन नव्हे.